एक अब्ज नऊचा न जुळलेला ताळा

ज्या दिवशी माझी फसवणूक उघडी पडली, तो १९४६ सालच्या फेब्रुवारीतला एक शनिवार होता. जागा साताऱ्याची, निवृत्त हवालदार नाथाजी यांच्या घराचा सोपा. समोर दोन वह्या उघड्या होत्या. एका वहीच्या माथ्यावर माझ्या जुळ्या बहिणीचे नाव होते, दुसरीच्या माथ्यावर माझे. नाथाजींनी दहा हजार सात या आकड्यावर बोट ठेवले, पाटीवर स्वतः भागाकार केला, पुसला आणि पुन्हा केला. मग चष्मा काढून त्यांनी आपल्या शाळासोबत्याकडे, बाळगोंडाकडे, पाहिले. बाळगोंडाची बायको चंदनबाला शेजारीच बसली होती. नाथाजी आता काय विचारणार हे तिला माहीत नव्हते. बाळगोंडाला माहीत होते. मला तर दोन वर्षे माहीत होते.

मित्रांनो, मी एक संख्या आहे. माझे नाव एक अब्ज नऊ. आधी एक, त्यापुढे आठ शून्ये आणि शेवटी नऊ, अशी मला लिहितात. जुनी म्हणाल तर माझ्याइतके जुने तुमच्या गावात काहीच नसेल. मला कुणी घडवले नाही, भट्टीत घातले नाही, रंधा मारला नाही. कुणी मोजत नव्हते तेव्हाही मी होते. पण मला कुणी हाक मारत नव्हते. म्हणून माझे आयुष्य माधवनगरात एका दगडी पाटीवर सुरू झाले, असेच मी धरते.

माझ्यासारख्या संख्येला मूळ संख्या म्हणतात की नाही, हाच तर या गोष्टीतला प्रश्न आहे. मूळ संख्या म्हणजे काय ते आधी सांगते. बारा चिंचोके घ्या. ते तीन-तीनच्या चार ओळींत मांडता येतात, दोन-दोनच्या सहा ओळींतही मांडता येतात. आता तेरा घ्या. कसेही मांडा, सारख्या ओळी होत नाहीत, एकच लांब ओळ करावी लागते. तेराला एक आणि तेरा यांशिवाय कुणीही पुरते भागू शकत नाही. ती मूळ संख्या. तेराचे उत्तर घटकाभरात कळते. माझ्याएवढे चिंचोके मांडायला साऱ्या सांगली संस्थानातली चिंचेची झाडे पुरणार नाहीत. तिथे भागाकारच करावे लागतात.

माझे स्वतःचे उत्तर मला ठाऊक आहे. पण ते मी इथे सांगणार नाही. गणितात संख्येची साक्ष चालत नाही, भागाकाराची चालते.

बाळगोंडा माधवनगरच्या एका कापड गिरणीत टाइमकीपर होता. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, हे कार्डावर टिपायचे हे त्याचे काम. चंदनबाला चार इयत्ता शिकलेली. तिला आकड्यांचा नाद होता. बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, प्रवचनाला गेली की तिथे सांगतात ते मोठमोठे आकडे ती घरी येऊन पाटीवर लिहून बघायची. मूळ संख्यांना ती ‘एकट्या’ म्हणायची. एक दिवस तिने नवऱ्याला विचारले, अब्जाच्या पुढे पहिली एकटी कोण? त्याला सांगता आले नाही. गिरणीतल्या कुणालाही सांगता आले नाही.

तेव्हा दोघे शोधायला बसले. एक अब्ज एकला सातने भाग गेला. एक अब्ज तीनला तेविसाने गेला. एक अब्ज पाचच्या शेवटी पाच, ती आपोआप गेली. दोन, चार, सहा आणि आठ या सम, त्यांचा प्रश्नच नव्हता. एक अब्ज सातला मात्र लहान आकड्यांपैकी कुणीच भाग देईना. आणि मला, एक अब्ज नऊला, तेही देईनात. अशा दोन मूळ संख्यांमध्ये फक्त दोनाचे अंतर असेल तर त्यांना जुळ्या म्हणतात. आम्ही जुळ्या निघण्याची शक्यता होती. चंदनबालेने ठरवले की तपासून बघायचे.

बाळगोंडा म्हणाला, कुठल्या तरी मोठ्या कॉलेजात विचारू, त्यांच्याकडे तक्ते असतील. तेव्हा ती जे म्हणाली ते मी विसरलेली नाही.

“लोकांनी सांगितलेलं लय ऐकलं जन्मभर. एक गोष्ट तरी माज्या हातानं करून बघितलेली पायजे.”

हीच तिची एवढीशी इच्छा होती. खात्रीने, स्वतःच्या हाताने, एक गोष्ट जाणून घ्यायची.

आता भागायचे कुठवर? माझ्यापर्यंतच्या प्रत्येक आकड्याने भागायचे असते तर दहा जन्म पुरले नसते. पण एक सोय आहे. मी दोन संख्यांचा गुणाकार असेन, तर त्यातली एक तरी एकतीस हजार सहाशे बाविसाहून मोठी असणार नाही. दोन्ही त्याहून मोठ्या असत्या तर त्यांचा गुणाकार माझ्या पुढे गेला असता. म्हणून तेवढ्यापर्यंतच जायचे. त्यातही फक्त मूळ संख्यांनीच भागायचे. दोनाने भाग जात नसेल तर चाराने कुठून जाणार? अशा मूळ संख्या वेचून काढायलाच त्यांना चार महिने लागले. युद्धाचे दिवस होते, कागद मिळत नव्हता. बाळगोंडाने गिरणीतून जुनी हजेरीकार्डे आणली आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर दोघांनी यादी केली. तीन हजार चारशे एक संख्या निघाल्या. शेवटची एकतीस हजार सहाशे सात.

वह्या दोनच मिळाल्या. त्यामुळे भागाकार पाटीवर करायचा, बाकी तेवढी वहीत लिहायची आणि पाटी पुसायची असे ठरले. पण पाटी पुसल्यावर भागाकार बरोबर होता हे कशावरून? त्यावर चंदनबालेनेच तोड काढली. एक अब्ज सातला तिने भागायचे, मला बाळगोंडाने. एकमेकांची वही बघायची नाही. मी माझ्या बहिणीहून दोनने मोठी, म्हणून भाजक तोच असेल तर माझी बाकीही दोनने मोठी आली पाहिजे. संध्याकाळी दोघांनी आपापली बाकी वाचायची. दोनचा फरक आला की ताळा जुळला. नाही आला तर कुणीतरी चुकले, समासात फुली मारायची आणि दोघांनी पुन्हा भागायचे. पहिल्याच दिवशी तीनने भागताना तिची बाकी दोन आली आणि त्याची एक. दोघे गडबडले. मग तिच्या लक्षात आले की दोनात दोन मिळवले तर चार होतात, चारात तीन एकदा जातो, उरतो एकच. ताळा जुळलेलाच होता. ती खुशीत हसली.

१९४२ च्या दिवाळीनंतर काम सुरू झाले. रोज तीन भाजक. आणि त्याच वेळी ती बस्तीत जाऊन एक नेम घेऊन आली. दिवसाचे तिन्ही ताळे जुळल्याशिवाय संध्याकाळचे जेवायचे नाही. मित्रांनो, त्या घरात सूर्य मावळल्यावर कुणी अन्न तोंडात घालत नसे, तो त्यांचा पिढ्यांचा आचार. म्हणजे सूर्यास्ताच्या आत ताळा जुळला तर जेवण, नाही तर उपास थेट सकाळपर्यंत. शेजारच्या धोंडुबाईने तिला चिडवले, “आमटीत मीठ किती घालावं ते कळंना, आन् अब्जाचा हिशोब करती.” चंदनबालेने तिच्याकडून वाटीभर मीठ मागून घेतले आणि आत गेली.

ते पहिले चारशे नऊ दिवस हेच माझ्या आयुष्यातले खरे दिवस. दुपारी ती बहिणीला भागायची. पाचच्या भोंग्यानंतर बाळगोंडा यायचा, हातपाय धुऊन पाटी घ्यायचा आणि मला भागायचा. आठवड्याला एखादी फुली पडायची. एकूण अठ्ठावन्न पडल्या. त्यातल्या एकतीस तिच्या चुका होत्या, सत्तावीस त्याच्या. चूक त्याची निघाली की ती म्हणायची, गिरणीत लोकांचे पगार तुम्हीच कापता ना, मग बरोबर. तिची निघाली की तो नुसता मिशीत हसायचा, आणि ती आणखी चिडायची. मित्रांनो, फुली पडली की मला बरे वाटे. फुलीचा अर्थ असा की दोन माणसांनी दोन वेगळे हात चालवले आहेत.

१९४३ चा डिसेंबर आला. गिरणीला लष्करी कापडाचे काम होते आणि पाळी वाढली होती. दिवस लहान झाले होते. चारशे दहाव्या दिवसाचे भाजक होते नऊ हजार नऊशे सदुसष्ट, नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर आणि दहा हजार सात. चंदनबालेला सकाळपासून ताप होता. तशातही तिने तीन भागाकार केले. बाळगोंडा आला तेव्हा उन्हे कौलांवरून निघून चालली होती. तीन भागाकारांना त्याला पाऊण तास लागे. हातात वीस मिनिटे नव्हती. आत ती चुलीपुढे बसली होती आणि खोकत होती. तिची वही फडताळात होती. तिने ती कधी लपवली नव्हती, कारण लपवायची गरज तिला कधी वाटली नव्हती.

त्याने ती वही उघडली. नऊशे तीसचे नऊशे बत्तीस केले. सात हजार दोनशे सत्त्याण्णवचे सात हजार दोनशे नव्व्याण्णव. पाचशे सत्त्याण्णवचे पाचशे नव्व्याण्णव. तिने हाक मारून विचारले तेव्हा त्याने तिन्ही बाक्या वाचून दाखवल्या. तिन्ही ताळे जुळले. ती जेवली.

ती तिसरी बाकी चूक होती. तापात वजाबाकी करताना उसना घेतलेला एक कमी करायचा ती विसरली होती. एकोणपन्नास यायचे तिथे एकोणसाठ आले आणि शेवटी चारशे सत्त्याण्णवऐवजी पाचशे सत्त्याण्णव. बाळगोंडाने मला खरोखर भागले असते तर ती चूक त्याच संध्याकाळी सापडली असती. तिची चूक त्याने जशीच्या तशी उचलली आणि दोन मिळवून माझ्या नावावर लिहिली.

त्या दिवसाबद्दल मी त्याला फार बोल लावत नाही. बायको आजारी, सूर्य बुडत आलेला, पोटात अन्न नाही. कुणालाही कळवळा आला असता. पण त्याच्या पुढे सातशे चोवीस दिवस होते. दुसऱ्या दिवशीही उशीर झाला, त्याने दोन मिळवले. मग उशीर झाला नाही तरी मिळवू लागला. उन्हाळ्यात दिवस मोठे झाले. गिरणीचे जादा काम थांबले. रविवारी तो सबंध दिवस घरी असे. पाटी मांडीवर घेऊन कट्ट्यावर बसे, रस्त्याने जाणाऱ्यांशी ऊस, पाऊस आणि लढाई यांवर बोले, पाटीवर दोन रेघा ओढे आणि पुसे. मग पाणी प्यायला म्हणून आत जाई आणि फडताळ उघडी. ज्या हाताने मला चारशे नऊ दिवस इमानाने भागले, त्या हाताने मला पुन्हा एकदाही भागले नाही. माझ्या नावाची वही मात्र भरत राहिली.

फुल्या थांबल्या. चंदनबालेला त्याचा अभिमान वाटायचा. धोंडुबाईला ती सांगायची की आता आमचा हात बसला, वर्ष झाले, एक चूक नाही. बाळगोंडा तेव्हा तिथेच असायचा. मी वहीत असायची.

१९४५ च्या डिसेंबरात शेवटचा भाजक झाला. भाग गेला नाही. माझ्या बहिणीला कुणी भागू शकले नाही आणि, वहीप्रमाणे, मलाही. माधवनगरात बातमी पसरली. गिरणीतल्या लोकांनी नारळ आणि हार आणले. एका शाळामास्तरांनी फळ्यावर आम्हा दोघींची नावे लिहिली आणि मुलांना उभे राहून टाळ्या वाजवायला सांगितले. मित्रांनो, मला आयुष्यात मिळालेली ती एकमेव शाबासकी. तीही खोटी. बहिणीच्या वाट्याच्या टाळ्या निदान एका माणसाच्या कष्टाच्या होत्या.

इथवरच राहिले असते तर कदाचित कुणालाच कधी कळले नसते. पण चंदनबालेला वाटले की एखाद्या जाणत्या माणसाने वह्या बघाव्यात. बाळगोंडाचा शाळासोबती नाथाजी तोफखान्यात हिशेबाचे काम करून निवृत्त झाला होता आणि साताऱ्यात राहत होता. बाळगोंडाने थोडी टाळाटाळ केली. तिनेच कार्ड लिहिले, तिनेच वह्या धडप्यात बांधल्या आणि दोघे मोटारीने साताऱ्याला आले.

नाथाजींनी आधी चहा दिला, गप्पा मारल्या. तोफखान्यात गोळा किती लांब जाईल याचा हिशेब दोघांनी वेगवेगळा बसून करायचा असे, दोघांचा जुळला तरच तोफ डागायची. “पर जे दोगं शेजारी बसायचं,” ते म्हणाले, “त्येंचा लय लवकर जुळायचा.” चंदनबाला हसली. बाळगोंडाने बशी खाली ठेवली.

मग त्यांनी वह्या चाळल्या. सुरुवातीच्या पानांवर फुल्या, पुढे फुल्या, आणि दहा हजारांच्या जवळ आल्यावर एकही नाही. त्यांनी पुन्हा मागे जाऊन बघितले. चंदनबालेने सांगितले की हात बसला होता. त्यावर ते म्हणाले की आपला गोरा साहेबसुद्धा दिवसातून दोनदा चुकायचा, आणि माणूस चुकायचा थांबत नाही. मग फुल्या संपल्या तिथले, दहा हजारांच्या अलीकडचे दोन भाजक त्यांनी भागून बघितले, ते जुळले; तेव्हा त्यांनी पुढचा घेतला. पुढचे मी सुरुवातीला सांगितले.

“ही वैनींची चूक मला कळली,” नाथाजी म्हणाले. “उसना घेतलेला एक इसारला की असं हुतंय. तुजी चूक कळंना गड्या. तू ह्यो भागलायस का न्हाई?”

बाळगोंडा म्हणाला, “न्हाई. तिच्या बाकीत दोन मिळवलं.”

“ह्यो एकच?”

“ह्येच्या आदीचं दोन, आन् हितनं पुढं समदं.”

चंदनबालेने त्याला फक्त एक विचारले.

“आयतवारी बी?”

तो म्हणाला, “व्हय.”

तिने दोन्ही वह्या मिटल्या. नाथाजींनी काहीतरी समजुतीचे बोलायला सुरुवात केली, पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

“दोन वर्सं मी नेम मोडून जेवले,” ती नवऱ्याला म्हणाली. “मोडलासा तुमी, आन् खाल्लं मी.”

परतीच्या मोटारीत ती बायकांच्या बाकावर बसली. वह्या तिच्या मांडीवर होत्या.

मला वाटले होते की आता लोक माझी बाजू घेतील. तसे झाले नाही. बाळगोंडाने स्वतःच सगळ्यांना सांगितले, ते त्याला सांगावेच लागले. आणि ज्याने त्याने त्यालाच बरे म्हटले. आजारी बायकोला जेवू घातलेस, त्यात काय वाईट केलेस, असे गिरणीतले लोक म्हणाले. शाळामास्तरांनी फळा पुसला आणि म्हणाले की उत्तर बहुधा बरोबरच असेल. धोंडुबाई चंदनबालेला म्हणाली की असा नवरा मिळायला नशीब लागते, एका आकड्यापायी एवढे मनावर काय घ्यायचे. चंदनबालेची बाजू त्या गल्लीत एकट्या मलाच कळत होती. माया होती म्हणून फसवले, असे म्हटले की लोक मायेकडे बघतात आणि फसवलेले माणूस तसेच राहते.

दुसऱ्या दिवशी बाळगोंडा पाटी घेऊन बसला. म्हणाला, दहा हजार सातपासून सगळे पुन्हा भागतो, दोन वर्षे लागली तरी चालतील. तिने पाटी त्याच्या हातातून काढून घेतली.

“तुमचा हात नको,” ती म्हणाली.

दुसरा हात मात्र कुठे मिळेना. तिने नाथाजींना कार्ड टाकले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, पन्नास भागाकार त्यांनी कसेबसे केले आणि क्षमा मागून थांबले. तिने मला स्वतः भागून बघितले असते, पण मग दोन्ही बाजूंना एकच हात झाला असता, आणि तो ताळा नव्हे हे तिला पक्के माहीत होते. नेम तिने सोडला नाही. ताळे खरे जुळेपर्यंत संध्याकाळचे जेवण बंद. अडीच वर्षे ती दिवसातून एकदा जेवली. नवऱ्याला वाढायची, त्याच्याशी घरातले सगळे बोलायची, तक्रार कधी केली नाही. आकड्यांविषयी मात्र एक शब्द नाही. दोन्ही वह्या फडताळातून गेल्या आणि तिच्या कपड्यांच्या पेटीत कुलपात राहिल्या.

१९४८ च्या श्रावणात तिला विषमज्वर झाला. सांगलीच्या दवाखान्यात ती सोळा दिवस होती. एका वेळच्या जेवणाचा आणि या तापाचा काही संबंध नाही, असे डॉक्टरांनी बाळगोंडाला सांगितले. त्याने त्यांना ते तीनदा विचारले. नाथाजी भेटायला आले तेव्हा तिने पेटीची किल्ली त्यांना दिली आणि दोन्ही वह्या घेऊन जायला सांगितल्या. बाळगोंडा खाटेच्या पायाशी उभा होता. त्याच्यासमोरच ती म्हणाली की वह्या ह्यांच्या हाती देऊ नका. दोन दिवसांनी ती गेली.

महिनाभर घरात पाटीला कुणी हात लावला नाही. मग एका संध्याकाळी बाळगोंडा गिरणीतून आला, पाटी पुसली आणि माझे नाव लिहिले. पावणेपाच वर्षांनी मला त्या हाताने पुन्हा भागले. भाजक दहा हजार सात. बाकी चारशे नव्व्याण्णव. ती बरोबर होती.

तेव्हापासून तो रोज एक भागाकार करतो. महिन्याच्या शेवटी सगळ्या बाक्या कार्डावर लिहून साताऱ्याला पाठवतो. तिथे नाथाजींची सून शालूबाई चंदनबालेच्या वहीतल्या बाक्या वाचते, नाथाजी ऐकतात आणि जे जुळत नाही तेवढे उलट टपाली कळवतात. तिची बाकी काय आहे ते मात्र कळवत नाहीत. तसा त्यांनी तिला शब्द दिला होता.

बाळगोंडा आता मला इमानाने भागतो, हे मी नाकारत नाही. पण समोर चोरायला वहीच नाही, म्हणून तो इमानाने भागतो की खरोखर बदलला आहे, हे मला ठरवता आलेले नाही. मी त्याला क्षमा केलेली नाही. मी संख्या आहे, वर्षे गेली म्हणून माझ्यात काही कमी होत नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. कुणी तुमच्या भरवशावर आपली वही उघडी ठेवली, तर तिच्यातले बघून लिहू नका. गणित चुकले तर चुकू द्या. ज्याने तुम्हाला दुसरा हात म्हणून धरले आहे, त्याला तुमची चूकसुद्धा हवी असते, कारण तिच्यामुळेच त्याला त्याची चूक कळते. आणि उपाशी माणसाला जेवू घालायचे असेल तर त्याला खरे सांगून घाला. तो नाही जेवला तर त्याच्याबरोबर उपाशी राहा. बाळगोंडाला हे एकदाही सुचले नाही.

आज १९४९ चा एप्रिल आहे. तो बारा हजारांपर्यंत आला आहे. दोनशे नऊ भागाकार झाले, त्यात अकरा ठिकाणी ताळा जुळला नाही. त्याने ती अकराही पुन्हा भागली. चार ठिकाणी त्याचीच चूक निघाली आणि तिथे आता जुळले आहे. उरलेल्या सात ठिकाणी त्याने तीन-तीनदा भागले, बाकी तीच येते. त्यातली दहा हजार सातची चूक चंदनबालेची हे ठाऊकच आहे, इतर सहा ठिकाणीही बहुधा तिचीच असावी. ती असती तर तिने पुन्हा भागून बघितले असते.

ते सात ताळे जुळलेले नाहीत. पुढचे एक हजार नऊशे त्रेसष्ट भागाकार अजून व्हायचे आहेत.